साडेसतरा शेर

रविवार, ३ डिसेंबर १९३३

डुक्कर गेलं. माझ्या डोळ्यांदेखत, बूड हलवत, हेदीच्या खिंडीतून पलीकडे उतरलं आणि मी अजून खिंडीच्या खाली पन्नास पावलांवर धापा टाकत उभा! बंदूक कुठे? अंबाजीपाशी. अंबाजी कुठे? माझ्याही मागे चाळीस पावलांवर, एका धोंड्यावर हात टेकून.

खाली वीस माणसं सकाळपासून डबे बडवत, ओरडत हाका घालून रान उठवतात, ती कशासाठी? वर बंदूकवाला वेळेवर जाऊन बसलेला असावा म्हणून. माझं एवढंच काम. गावात परवान्याची रायफल एकच, माझी. वालाची शेतं उकरून उकरून डुकरांनी सत्यानाश केला आहे आणि हे महाशय जागेवर पोचतच नाहीत! बायामाणसंसुद्धा हसली असतील आज.

गावाच्या शिकारीचा म्होरक्या येसाजी. कोण कुठे उभं राहणार, वाटे कसे पडणार, सगळं त्याच्या शब्दावर. त्याने चारचौघांत मला सुनावलं, "भाऊसाहेब, अंबाजीचं आता वय झालं. त्येचा पुतन्या धर्माजी घ्या की. तिशीचा गडी हाय, बंदूक घिऊन पळंल."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "येसाजी, तुझ्या नांगराला कुठला बैल जुंपायचा ते मी सांगायला येतो का?" अंबाजी तिथेच उभा होता. तो नेहमीच गप्प असतो, त्यात काही विशेष नाही.

धर्माजी म्हणे! अंबाजी बावीस वर्षं माझी बंदूक वाहतो आहे. मीठ खात्याच्या नोकरीत मी उरणला, पेणला मिठागरं मोजत फिरायचो, तेव्हाही सुट्टीला घरी आलो की हा दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात हजर. मी हात मागे केला की बंदूक हातात येते, मागावी लागत नाही. नवा माणूस शिकवायला मला आणखी बावीस वर्षं कोण देणार?

गेल्या पावसाळ्यापासून त्याचा उजवा गुडघा सुजतो. तो लपवतो, पण मला दिसतं. मी त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. गड्याशी त्याच्या गुडघ्याबद्दल बोलायचं नसतं, तेवढी अक्कल मला आहे. करायचं ते करून मोकळं व्हायचं. ओझं कमी करायचं, बस्स.

सोमवार, ४ डिसेंबर

दुकानातून तराजू मागवला आणि शिकारीचं सगळं सामान पडवीत मांडलं. बंदूक दुर्बिणीसकट साडेचार शेर. काडतुसांचा पट्टा सव्वा शेर. पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या अडीच, घोंगडी अडीच, जेवणाचा डबा सव्वादोन. माझी घडीची खुर्ची तीन शेर! कोयता पाऊण, आणि औषधं, दोर, छत्री, साबण यांची थैली पाऊण. एकूण साडेसतरा शेर. साडेसतरा! हे सगळं तो एकटा घेऊन डोंगर चढतो आणि आम्ही वर त्यालाच विचारतो, उशीर का झाला?

आमच्या कमळाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढी वर्षं कधी तोललं नाहीत, आजच का?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय? तुम्ही डब्यात पुरणाच्या पोळ्या भरता, त्याचंच वजन आहे सगळं."

"पोळ्या तुम्हीच मागता," म्हणाल्या आणि गेल्या. यांच्याशी सरळ बोलायची सोयच नाही.

खुर्ची बंद. धोंड्यावर बसेन. घोंगडी बंद. डबा बंद, दोन भाकऱ्या फडक्यात. छत्री, साबण बंद. शिकारीला साबण कोण नेतो? मी नेत होतो. धन्य माझी! तांब्याच्या जागी अर्ध्या वजनाची पत्र्याची बाटली.

राहिली बंदूक. तिची दुर्बीण लोखंडी, जाडजूड, बोटीवरच्या कप्तानाने डोळ्याला लावावी तशी. परत विलायतेला निघालेल्या एका साहेबाकडून रायफल घेतली, तिच्यावर ती आधीपासूनच बसवलेली होती. कड्या-स्क्रूंसकट पन्नास तोळे. तीही वर, बंदुकीच्या माथ्यावर. त्यामुळे खांद्यावर घेतली की बंदूक सारखी एका अंगाला कलंडते आणि वाहणाऱ्याला एक हात कायम तिच्यावर ठेवावा लागतो. डोंगर चढताना झाडाला धरायला त्याला एकच हात उरतो. हे मला बावीस वर्षांत सुचलं नाही, आज सुचलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

अंबाजी आला तेव्हा पडवीत दोन ढीग होते, ठेवायचं आणि टाकायचं. तो बराच वेळ टाकायच्या ढिगाकडे बघत होता.

"ह्ये समदं न्हाय न्यायाचं?"

"नाही. फार झालं होतं."

"मला जड न्हाय व्हत, भाऊसाहेब."

"तुला कोण विचारतंय? मी सांगतोय ते ऐक."

"जी," म्हणाला. खुर्ची त्याने स्वतःच उचलून माळ्यावर ठेवली.

गुरुवार, ७ डिसेंबर. मुंबई

काल सकाळी निघालो. अंबाजी बंदूक घ्यायला आला होता, सर्व्हिस मोटारीपर्यंत पोचवतो म्हणाला. मी म्हटलं, "राहू दे, मी नेतो." तरी हात पुढे. शेवटी ओरडलो, "राहू दे म्हणतो ना!" मोटारीपाशी येऊन रिकाम्या हातांनी उभा राहिला. पुढे धरमतरहून बोट. बोटीत एका भटजीबोवांनी बंदूक बघून तीनदा जागा बदलली.

फोर्टातल्या बंदुकांच्या दुकानात आजचा सगळा दिवस गेला. दुकानदार पारशी म्हातारा, गोड बोलणारा. मला गोड बोलणारा माणूस सहन होत नाही. मी हलकी दुर्बीण मागितली, तर त्याने सहा पट मोठं दाखवणारी काढली. "साहेब, आ तो फर्स्ट क्लास छे. डुक्करच्या कानातला केस दिसेल."

म्हटलं, "कानातला केस बघून मी काय करू? मला डुक्कर दिसू दे." आमच्या रानात डुक्कर येतं ते चाळीस पावलांवर, तेही करवंदीच्या जाळीतून धडपडत. सहा पट केलं की काचेत नुसता काळा रंग भरतो, डोकं कुठलं आणि बूड कुठलं कळत नाही. खेरीज वजन? तो म्हणाला, "जास्त नाय." जास्त नाय म्हणजे किती? शेवटी शेजारच्या सुक्यामेव्याच्या दुकानातून तराजू आणवला. छप्पन्न तोळे! जुनीपेक्षा जड! मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

दुसरी चार पटीची, अडतीस तोळे. तिसरी अडीच पटीची, नळी ॲल्युमिनियमची, कड्यांसकट बावीस. हातात घेतली तर काही घेतल्यासारखंच वाटेना. पण हलक्या वस्तूवर माझा लगेच विश्वास बसत नाही. दारात उभं राहून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या धोतराचा काठ बघितला. मग जिन्याखालच्या अंधारात गेलो आणि तिथल्या पोत्यांवरची अक्षरं तिन्ही दुर्बिणींतून वाचली. झाडीतल्या सावलीत दिसेल की नाही ते अंधारातच कळतं. चार पटीच्या दुर्बिणीत उजेड जास्त होता, खरं आहे ते. बावीस तोळ्यांच्या दुर्बिणीत अक्षरं लहान, पण वाचता आली. फुलीच्या तारा बारीक, तरी दिसत होत्या.

म्हाताऱ्याने विचारलं, "साहेब, एवढे तोळे मोजता, बंदूक कोण उचलतो? तुम्ही?"

"माझा माणूस."

"तो मग तोळा कशाला मोजते?" असं म्हणून हसला. याला काय समजावणार?

बावीसवाली ठरवली. अठ्ठावीस तोळे वाचले. कारागीर कड्या बसवून सोमवारी देणार. चामड्याचा पट्टा काढून कॅनव्हासचा लावायला सांगितला.

बुधवार, १३ डिसेंबर

काल घरी आलो, आज नेम जुळवायला नदीकाठी गेलो. वाळूच्या ढिगावर भोपळा ठेवला. पहिल्याच बाराला दुर्बिणीची कडा भुवईवर आदळली. रक्ताची धार! बंदूक हलकी झाली तर धक्का जास्त बसणार, हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? डोळा चार बोटं मागे ठेवायला हवा होता. जुनीच्या सवयीने नाक घालून बसलो. अंबाजीने आपल्या पागोट्याचा शेव फाडून कपाळाला बांधला. मी पारश्याला शिव्या घातल्या, कारागिराला घातल्या, अंबाजीलाही घातल्या. त्याने काय केलं होतं? काही नाही. जवळ होता.

दहा गोळ्यांनंतर भोपळा फुटायला लागला. बार बरोबर जातो.

परत येताना बंदूक मीच खांद्यावर टाकली. खरोखर कलंडत नाही, दोन्ही हात मोकळे! मला एवढा आनंद झाला की मी अंबाजीला म्हटलं, "बघ, आता ही मीसुद्धा नेऊ शकतो!"

तो म्हणाला, "व्हय जी." जुनी दुर्बीण त्याने धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेतली होती. घरी आल्यावर पुसून कपाटात ठेवली. त्याचा चेहरा पडला होता. गुडघा दुखत असणार. बरं झालं मी वेळेवर सुधारणा केली.

रविवार, १७ डिसेंबर

मारलं! शाब्बास रे पठ्ठे!

बेत सगळा मी आखला होता. बंदूक मी घेतली, थैली आणि पाणी धर्माजीकडे दिलं, अंबाजीकडे फक्त कोयता. तो चक्क माझ्याबरोबर खिंडीत पोचला, हाका सुरू व्हायच्या आधी अर्धा तास. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेतली. डुक्कर आलं ते सरळ अंगावर. पस्तीस पावलांवर खांद्यात गोळी घातली, जागेवर कोसळलं. भुवईला पुन्हा लागलं, पण थोडंच. दुर्बीण उत्तम आहे. पारशी गेला खड्ड्यात.

नेहमीप्रमाणे मी अंघोळीला घरी आलो. खाली कापाकापी चालते, पळसाच्या पानांवर वाटे पडतात, त्याला मी कधी थांबत नाही. मला ते रक्त आणि ती भांडणं नकोत. माझी तंगडी घरी येते, तेवढं पुरे.

पण आज तंगडीबरोबर मुंडीसुद्धा आली. सुळ्यांसकट. येसाजीने पाठवली म्हणे. मुंडी दर वेळी अंबाजी नेतो; त्याच्या सोनाबाईला ती करता येते, दाराच्या चौकटीवर सुळ्यांची रांगच आहे. येसाजीचं डोकं फिरलं असावं. कमळाबाईंनी एकच किंकाळी फोडली, "ते आधी बाहेर न्या!" अंगणात धर्माजी उभा होता, थैली परत द्यायला आलेला. म्हटलं, "घे रे, तू घेऊन जा."

तो गोंधळला. "मी? भाऊसाहेब, मी न्हेऊ?"

"तू म्हणजे तूच. दुसरं कोण आहे इथे?"

डोक्यावर घेऊन गेला, अगदी गावातून मिरवत.

बुधवार, २० डिसेंबर

तीन दिवस झाले, अंबाजीचा पत्ता नाही. बंदुकीला तेल कोण घालणार? निरोप पाठवला, तर सोनाबाईचा उलट निरोप, "शेतावर काम हाय." शेतावर! वालाला आत्ता काय काम आहे? डुकरं हाकलायचं, आणि ते तर मी करतो आहे.

रविवार, २४ डिसेंबर

आज शिकार होती. अंबाजी आलाच नाही. धर्माजी मात्र नवं पागोटं घालून बरोबर सहाला हजर. मी शिकारीला गेलो नाही. अंग मोडून आलंय म्हणून सांगितलं आणि दिवसभर घरात धुमसत बसलो.

बावीस वर्षं! मी मुंबईला जाऊन, बोटीत भटजीची नजर सहन करून, भुवई फोडून घेऊन ह्याच्यासाठी ओझं निम्म्याने कमी केलं, आणि हा? साधं "बरं झालं" म्हणायला जीभ झडली असती का? माणसाचं भलं करू नये हेच खरं. तो आला नाही तर नाही आला, माझं काही अडत नाही.

कमळाबाईंनी विचारलं, "जेवत का नाही?"

"भूक नाही. तेवढंही विचारू नका."

रविवार, ३१ डिसेंबर

धर्माजीला घेऊन गेलो. पुन्हा या जन्मात नेणार नाही.

हा माणूस बोलतो! चढताना बोलतो, बसल्यावर बोलतो, मी गप्प म्हटल्यावर गप्प का बसायचं ते विचारतो. खांद्यावरची थैली खडखडत होती, कारण बाटलीचं झाकण त्याने नीट लावलेलं नव्हतं. डुक्कर वारा हुंगत थांबलं, मी हात मागे केला. काही नाही! वळून बघतो तर बंदूक याच्या मांडीवर आडवी आणि हा विडी वळतो आहे. "पायजे काय?" असं मोठ्याने विचारलं. डुक्कर तर ते ऐकून गेलंच, पण पलीकडच्या डोंगरावरची माकडंसुद्धा गेली असतील.

शिव्या घातल्या तर म्हणतो, "काका तुमचं समदं मुकाट ऐकून घ्यायचा, मी न्हाय घेनार." म्हणजे गावात ही चर्चा चालते!

मंगळवार, २ जानेवारी १९३४

आज कमळाबाईंनी सांगितलं. पाणवठ्यावर सगळ्या बायकांना माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. मला नव्हतं.

मुंडी हा बंदुकीचा वाटा असतो. मारणाऱ्याचा नव्हे, ज्याच्या खांद्यावरून बंदूक रानात जाते त्याचा. बापजाद्यांपासून असंच चाललंय. मला वाटायचं अंबाजीला आवडते म्हणून तो नेतो. मी उदार होऊन नेऊ देतो, असं वाटायचं! त्या दिवशी बंदूक मी वाहिली, म्हणून येसाजीने रीतीप्रमाणे मुंडी माझ्या दारात पाठवली. आणि मी ती सगळ्यांदेखत धर्माजीच्या डोक्यावर दिली. म्हणजे गावाने काय समजायचं? अंबाजी काढला, धर्माजी ठेवला.

"आधी खुर्ची काढलीत, मग डबा, मग घोंगडी, मग बंदूक," कमळाबाई म्हणाल्या. "सोनाबाई म्हणत होती, भाऊसाहेबांनी एक एक करून त्यांना रिकामं केलं. तोंडाने सांगायचंही धाडस झालं नाही, म्हणे."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं तर मुंडीच्या दिवशीच का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करताय. तुम्ही आधी कधी कुणाला विचारून केलंय?"

तराजू समोरच होता, तो लाथेने उडवला. अंगठा सुजला आहे.

बुधवार, ३ जानेवारी

अंबाजीच्या घरी गेलो. दोन शब्द बोलायचे एवढंच ठरवलं होतं. पडवीत बसून तो दोर वळत होता. उठून उभा राहिला, घोंगडी अंथरली, "बसा जी" म्हणाला. सगळं कसं पाहुण्याशी वागावं तसं. चौकटीवरच्या सुळ्यांकडे माझी नजर जाईना.

मी म्हटलं, "रविवारी येणार ना?"

"येनार तर. गावाचा हाका हाय."

"बंदूक—"

"धर्माजी चांगला गडी हाय," मध्येच बोलला तो. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं तोडलं. "जरा बोलतो. शिकंल."

झालं. माझं डोकं फिरलं. "तुला मोठा मान लागतो! तुम्हा लोकांना सरळ कळतच नाही काही!" असं ओरडून निघून आलो. सांगायचं होतं एक आणि तोंडातून निघालं हे. सोनाबाई चुलीपाशी होती, तिने मान वरसुद्धा केली नाही.

मला देवाने असं तोंड का दिलं?

रविवार, ७ जानेवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

हाका मोठा होता, आजूबाजूच्या वाड्यांमधली माणसं धरून चाळीसेक. एक एकांडा नर, म्हशीच्या पारड्याएवढा, पंधरा दिवस धुमाकूळ घालत होता. येसाजीने मला खिंडीत बसवलं. धर्माजीला मी बरोबर घेतला नाही. बंदूक स्वतः वाहिली, एकटाच बसलो.

हाकाऱ्यांची रांग खालून वर यायला लागली. झाडी विरळ असल्यामुळे सगळी पागोटी दिसत होती. दुर्बीण लावली. हाकारे पोरंटोरं आणि तरणे गडी असतात, साठीचा माणूस त्यात जात नाही. पण अंबाजी होता. बंदूक वाहायची राहिली नाही, तर हाकारा झाला. काठी आपटत, ओरडत, तो चढ, तो गुडघा! रांग पुढे जात होती आणि तो मागे पडत होता. वीस पावलं, मग तीस. ओळखीचा आवाज बारीक होत गेला. मग तो बसला. उठला, दोन पावलं टाकली आणि घसरून पडला. मग दिसेना.

डुक्कर अजून रांगेच्या आत होतं. असा नर कधी कधी मागे फिरतो आणि मागे राहिलेल्या एकट्या माणसाला फाडतो. दोनदा पाहिलंय मी ते.

मी जागा सोडली.

बसल्या जागेवरून कोणी उठायचं नाही, घराला आग लागली तरी नाही, हा आमच्या शिकारीचा पहिला कायदा. मी उठलो आणि करवंदीतून खाली पळत सुटलो. सत्तावन्न वर्षांचं हे पोट घेऊन. धोतर फाटलं. वर खिंडीकडे काहीतरी खडखडत गेलं, ते कानावर आलं. डुक्कर होतं. माझ्या मोकळ्या जागेतून निघून गेलं.

अंबाजी एका सागाला टेकून उभा होता, पडला होता पण धड होता. मला बघितलं आणि त्याचे डोळे विस्फारले.

"तुमी हितं? जागेवर कोन हाय?"

"कोणी नाही. तू पडलास—"

"जागा सोडलीत?" आणि मग जो फुटला तो! बावीस वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "चाळीस मानसं सकाळपासनं घसा फाडत्यात आन तुमी खाली हिंडाया आलात? मी पडन न्हायतर मरन, तुमाला काय करायचं? तुमचं काम वर! ल्हान पोर तरी जागा सोडतंय का? काय शिकलात इतकी वर्सं माज्यासंगं?"

"तुझ्यासाठी आलो!" मीही ओरडलो. "तुझ्या त्या गुडघ्यासाठी! खुर्ची काढली ती कुणासाठी? दुर्बीण बदलली ती कुणासाठी? मी वाहत होतो का ती? तुला चढता यावं म्हणून अठ्ठावीस तोळे मोजत मुंबईत दिवसभर भांडलो, गाढवासारखा! तुला काढायचं असतं तर गडी बदलला असता, दुर्बीण कशाला बदलली असती? मला दुसऱ्या कोणाबरोबर रानात जाता येत नाही, अंबाजी. नाही जाता येत!"

माझा आवाज चिरकला. रांगेतली चारपाच माणसं खाली येऊन बघत उभी होती, त्यांच्यासमोर चिरकला. चिरकू दे.

अंबाजीने हातातली काठी सागाला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "मंग तसं बोलायचं व्हतं."

"येत नाही बोलता."

"त्ये हाय म्हना." त्याने हात पुढे केला. "आना ती हिकडं. तोंड खाली धरून पळालात, नळीत माती गेली आसंल." बंदूक घेतली, काडतूस काढलं, नळीतून उजेडाकडे बघितलं, फुंकर मारली. मग हातावर तोलून बघितली, आणि खांद्यावर टाकली.

वर पोचलो तर येसाजी भडकलेला. त्याने सगळ्या गावासमोर माझा पाणउतारा केला आणि दंड ठोकला, की पुढच्या तीन शिकारींत भाऊसाहेबांना वाटा नाही. धर्माजीसुद्धा हसत होता. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. मग म्हटलं, "माझा वाटा बंद कर, येसाजी. पण बंदुकीचा वाटा तेवढा बंद करू नकोस."

येसाजीने माझ्याकडे बघितलं, मग अंबाजीच्या खांद्याकडे. म्हणाला, "त्यो तुमचा कवा व्हता, भाऊसाहेब?"

उतरताना अंबाजी पुढे होता, मी मागे. दर दहा पावलांवर थांबायचा. गावात पोचायला आम्हाला दुपार झाली.